पायथन शिकवणारा पाहिजे

(हुडकेश्वरला राहणाऱ्या सुनंदाबाईंनी सांगितलं, तसंच उतरवलेलं)

आम्ही मूळचे उमरेडचे, कोष्टी. माह्या बापाच्या घरी हातमाग होता, लुगडी विणत, न मी लहान होती तेव्हा कांड्या भरून देत होती, म्हणजे सूत माह्या हाताले जन्मापासून लागलेलं आहे, काय सांगू तुम्हाले. मंग मागावर पोट भरेना, बाप नागपुरात आला, कोणाच्या तरी दुकानात कपड्याच्या घड्या घालत बसला, न तसाच एक दिवस गेला. माहं लग्न झालं, इथं लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं, घर म्हणजे दोन खोल्या न वर टीन, आमचे हे शाळेच्या पोरायची व्हॅन चालवते, तेवढ्यात भागे ना, म्हणून मी बुटीबोरीच्या सूतगिरणीत लागली.

वाइंडिंगले होती मी. वाइंडिंग म्हणजे बारीक कांडीवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं, कोन म्हणजे शंकूसारखी रीळ, गुंडाळते मशीनच, आपण नुसतं पळायचं, इकडं अडकलं की इकडं, तिकडं अडकलं की तिकडं. आणि हवेत सगळा कापूस. केसात कापूस, नाकात कापूस, डबा उघडला की भाजीवर कापूस. मले दम लागाले लागला. डॉक्टर म्हणे, बाई तिथून निघा, नाई तं हे वाढतच जाईन. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, निघून जाऊ कुठं? पण नशीब म्हणा, गिरणीच्याच लॅबमध्ये एक जागा निघाली. तिथं सुताची तपासणी होते, सूत किती जाड, किती ताकद, ते कॉम्प्युटरवर भरायचं. एक्सेल मी माह्या पोरीपासून शिकून घेतलं होतं, तिचं लग्न व्हायच्या आधी. लॅबमध्ये खुर्ची होती, काचेचा दरवाजा होता, कापूस आत येत नव्हता. मले झोप लागाले लागली, जिना चढता याले लागला. ती खुर्ची गेली तं माहा श्वास गेला, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे पुढचं तुम्हाले समजन.

मंग नवीन साहेब आले. पोट्टेच होते, माह्या जावयाच्या वयाचे. सगळ्यायले बोलावलं न म्हणे, आता रिपोर्ट पायथनमध्ये करायचे, ती कॉम्प्युटरची भाषा आहे, ज्याले शिकायचं त्यानं बाहेरून शिकून घ्या, दिवाळीनंतर परीक्षा घेऊ, पास होतील ते लॅबमध्ये राहतील, बाकीचे जिथून आले तिथं परत. मी घरी येऊन ह्यायले सांगितलं तं हे म्हणते, पायथन म्हणजे अजगर नाई का वं? मी म्हटलं, हो, अजगरच, मले गिळाले आला.

आधी मोबाइलवर पाह्यलं. व्हिडिओ भरपूर आहेत, हिंदीत आहेत, माणूस पटपट बोलते न पटपट टाइप करते, त्याचं सगळं बरोबर येते. आपण तेच टाइप केलं की लाल अक्षरं. काहून लाल, ते व्हिडिओले विचारता येत नाही. मले माणूस पाहिजे होता, बाजूले बसून बोट ठेवून सांगणारा, की बाई, हे इथं चुकलं.

धरमपेठेत एक क्लास होता, तिथं गेली. काउंटरवरची पोरगी म्हणे, आंटी, बेटे का एडमिशन है क्या? मी म्हटलं, मेरा है. तिनं आत पाह्यलं, आतून एक सर आले, खूप चांगलं बोलले, म्हणे, इथं सगळी इंजिनिअरिंगची मुलं आहेत, तुम्हाला अवघड जाईल, तुम्ही आधी बेसिक करा. मी म्हटलं, बेसिक कुठं शिकवते? म्हणे, ते आम्ही बंद केलं. आता बोला! पायऱ्या उतरून खाली आली न रसवंतीवर उभी राहून रस पिली, जिवाचा संताप झाला होता, दुसरं काय करणार.

मंग माह्या पोरीनं फोनवरून एका पुण्याच्या मॅडमच्या क्लासमध्ये नाव टाकून देल्लं. ऑनलाइन. मॅडम चांगल्या होत्या, खोटं कायले बोलू, गोड बोलत, ताई ताई करत. समजावून झालं की एक गणित देत न म्हणत, करा आता. थोड्या वेळानं एकेकाले विचारत, सुनंदाताई, झालं का? मी म्हणे, करून राहिली मॅडम. त्या म्हणत, राहिलं का? बरं, राहू द्या, पुढे जाऊ. न पुढं जात. मले वाटे, पुण्याची पद्धत असन बाप्पा, अर्धं झालं की पुढं. रोज तेच. झालं का? करून राहिली. राहू द्या. माहे हात तसेच कीबोर्डवर राहत. मंग एक दिवस सगळ्यायसमोर म्हणे, सुनंदाताई, तुमचं रोजच काही ना काही राहतं, रागावू नका, पण तुम्हाला मनापासून शिकायचं आहे ना? मी म्हटलं, मॅडम, मी तं रोज करून राहिली. त्या म्हणे, मी तेच म्हणतेय. बाकीची पोरं हासली, मले त्यायचे दात दिसले स्क्रीनवर. जेवताना ह्यायले सांगितलं तं ह्यायचा घासच थांबला. अवं, म्हणे, तिकडं राहिलं म्हणजे झालं नाई, उरलं. तू म्हणतं करून राहिली, म्हणजे करत आहे, ती समजते करायचं राहिलं. आता मले सांगा, सारा जन्म मी असंच बोलून राहिली, आमचं सारं नागपूर असंच बोलून राहिलं, त्यात माहा काय गुन्हा? दुसऱ्या दिवशी मॅडमले समजावून सांगितलं, त्यायनं माफीही मागितली, पण क्लास तोवर इतका पुढं गेला होता की मले त्याचं शेपूटही दिसत नव्हतं. सोडला.

मंग मले आमच्याच लेआउटमधला प्रवीण आठवला. मागच्या गल्लीतल्या प्रमिलाबाईचा पोरगा. हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, चांगला मोठ्या पगारावर, आणि त्याले तिथून काढलं, त्याच्या सोबतच्या कितीकायले काढलं, तं तो घरी येऊन बसला. बसला म्हणजे खोलीतून निघेच ना. प्रमिलाबाई लोकायले सांगे, घरून काम करून राहिला. सगळ्यायले माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. मी गेली. दरवाजात उभी राहिली न म्हटलं, प्रवीण, मले पायथन शिकव गा बाबू. दाढी वाढलेली, डोळे असे खोल. म्हणे, काकू, काय करता शिकून, आता हे सारं मशीनच लिहिते, मले काहून काढलं मंग? मी म्हटलं, तुले काढलं तं तुले येते तरी, मले तं न येताच काढून राहिले.  त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले न म्हणे, बसा.

काय शिकवे हो तो पोरगा! पायथनमध्ये काही ओळी आत सरकवाव्या लागते, मी विसरे न लाल अक्षरं येत. पुण्याच्या मॅडमनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. हा म्हणे, काकू, ही ओळ वरच्या ओळीच्या पोटात आहे, म्हणून आत घ्याची, पोटातली गोष्ट बाहेर ठेवान काय? झालं, मंग कधी चुकली नाही मी. गणितंही माह्या लॅबचीच घाले. सुताची ताकद कमी आली तं कोन बाजूले काढ, नाई तं पुढं जाऊ दे. माह्या हातानं लिहिलेलं ते चाललं, पहिल्यांदा बिनलाल चाललं, तं मले रडू आलं. तो म्हणे, रडू नका काकू, कीबोर्ड खराब होईन.

दर रविवारी जात होती. एकदा निघताना प्रमिलाबाईनं फाटकापाशी माहे हात धरले. म्हणे, तुम्ही येता म्हणून तो रविवारी आंघोळ करते, दाढी करते, आमच्यासोबत ताटावर बसते. वाईट मानू नका बाई, पण तुमची परीक्षा लांबली पाहिजे असं वाटते मले. मी म्हटलं, वाईट कायचं वं, आईचाच जीव आहे.

आणि लांबली काय, मोडलीच. दिवाळी झाली, साहेबानं बोलावलं, म्हणे आता नवीन सिस्टीम आली, मशीनवरूनच सारं थेट मोबाइलवर येते, रिपोर्टही तीच बनवते, परीक्षेची गरज नाही. मी म्हटलं, साहेब, मी तं शिकली. म्हणे, हो हो, तुमची मेहनत आम्हाला माहीत आहे. न मले वाइंडिंगले धाडलं. लॅबमध्ये आता नुसती काच आहे न रिकामी खुर्ची, आत कोणी बसत नाही. मी पुन्हा तिथंच, त्याच कापसात, रुमाल बांधून. जिन्यावर मधेच बसा लागते मले. हे म्हणते सोड, घरी बस. व्हॅनवर दोघं जगू काय आपण, असं मी विचारते न डबा भराले लागते.

प्रवीणले मी सांगितलं नाही. कसं सांगू? पुढच्या रविवारी त्यानं दारातच विचारलं, काकू, परीक्षेचं काय? प्रमिलाबाई मागं चहाचे कप घेऊन उभी. मी म्हटलं, लांबली बाबू. तेव्हापासून जातच आहे. तो नवीन नवीन शिकवते, मी लिहिते, चांगलं चालते हो माहं आता, खरंच चांगलं चालते. मधात खोकला येते तं तो पाणी आणून देते न म्हणे, काकू, डॉक्टरले दाखवा. मी म्हणते, सर्दी आहे.

मागच्या रविवारी मी चपला घालत होती तं तो बाहेरपर्यंत आला, फाटकापर्यंत, इतक्या दिवसात पहिल्यांदा. खाली मान घालून म्हणे, काकू, तुम्ही पास झाल्या की साहेबाले माह्यासाठी विचारान काय, तुमच्या लॅबमध्ये, कसंही काम चालन मले. मी म्हटलं, विचारीन ना, काहून नाई विचारणार.

आता तुम्ही आल्या, बसल्या, ऐकून घेतलं, तुमचं भलं हो. माहं जे होईन ते होईन. फक्त त्या लेकराले देव दुसरीकडं कुठं नोकरी देवो, न लवकर देवो, म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीचं मले त्याले सांगावं नाही लागणार.