वार्डो बंदरात कुणी बुडालेलं नाही, याबद्दल

दि. १९ मार्च
पोलीस ठाणे, वार्डो, नॉर्वे

मी सीत्स्के विर्समा, वय ६४, धंदा – पूर्वी फेरीबोटीवर कँटीन चालवायचे, आता काही नाही. राहणार हार्लिंगन, नेदरलँड्स. सध्या मुक्काम बंदरासमोरच्या लॉजमध्ये.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी इथे पक्षी बघायला आले. राजआयडर नावाचं समुद्री बदक मी आजवर बघितलेलं नव्हतं. त्याच्यासाठी याआधी दोनदा इथवर येऊन आम्ही हात हलवत परत गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा येल्ले.

आज सकाळी धक्क्यावर दुर्बीण लावली. साध्या बदकांच्या थव्यात, कपाळावर केशरी गाठ असलेला एक नर दिसला. आमची कामं वाटलेली आहेत. मी शोधायचं आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा ओरडायची, येल्लेने फोटो काढायचा. दोघांनी "बघितला" म्हटल्याशिवाय पक्षी मोजायचा नाही. सवयीने मी पाण्याकडे बोट दाखवून ओरडले, "येल्ले! तीन वाजता! त्या तरंगत्या बोयाच्या मागे! अरे बघ ना, येल्ले!" पुष्कळदा ओरडले. मग कॅमेरा माझ्याच गळ्यात आहे हे ध्यानात आलं. फोटो काढला. एकच नीट आला.

शेजारच्या बोटीवर तोरमुड नावाचे मच्छीमार जाळं आवरत होते. त्यांना डच येत नाही. नाव आणि पाण्याकडे दाखवलेलं बोट, एवढं कळलं. मी वळले तोवर त्यांनी फोन करून बचाव बोट बोलावली होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "घाबरू नका बाई, काढतो आम्ही त्याला. अंगात काय होतं त्याच्या?"

मी म्हणाले, "हिरवं जाकीट."

असं का सांगितलं, हे विचारलं गेलं. त्याचं जाकीट हिरवंच आहे. आत्ता माझ्या अंगावर आहे, ते.

बोटी आल्या. थवा उडाला. नंतर हेलिकॉप्टर आलं. कुणीतरी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, कॉफी दिली. "पोहता येतं का त्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चांगलं येतं." लोक धक्क्यावरून त्याला हाका मारत होते. नाव नीट जमत नव्हतं, मी एकदा म्हणून दाखवल्यावर जमलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव मी नोव्हेंबरपासून ऐकलं नव्हतं. मीही पाण्याकडे बघत होते.

तोरमुड यांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "हे? अहो, हे हिवाळाभर माझ्या बोटीपाशी लोळत असतं! ह्याच्यापायी माणूस पाण्यात गेला तुमचा?"

पोलीस अंमलदार इंगविल्ड यांनी लॉजवर चौकशी केली. खोली एका माणसाची, तिकीट एकच. त्यांनी मला इथे आणून दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मला कळलंय. पण तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मला त्या बोटी परत बोलावता येत नाहीत."

तरी सांगते की, येल्ले विर्समा नोव्हेंबर महिन्यात हार्लिंगनला आमच्या घरी झोपेत वारला. तो इथे आलेला नाही. पाण्यात कुणी नाही.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी बोलले तसंच उतरवलंय. शोध थांबवायला माझी हरकत नाही.

सही/-
सीत्स्के विर्समा