डाव्याचे तीन, उजव्याचे चार

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब विल्सन भांबळ, व्यासपीठावरचे आदरणीय पाळकसाहेब आमोस चक्रनारायण, शाळा कमिटीचे सभासद, काष्टीहून बैलगाड्या जुंपून आलेली माझी माणसं, शिक्षकबंधू आणि भगिनी, मुलींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या मिस व्हिटकर बाई,

बाईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल माझ्याआधी पाच वक्ते बोलले. मला विषय दिला आहे तो बाईंच्या संगीत शिकवण्याचा. या विषयाला मी योग्य आहे का? बाईंनी परीक्षेला बसवलेल्या विद्यार्थिनींपैकी नापास झालेली मी एकटीच. एवढं नगरात बऱ्याच जणांना माहीत आहे. कशी नापास झाले, ते कुणाला माहीत नाही.

नऊ वर्षांची असताना मी बोर्डिंगात आले. बाईंनी मला पियानोपुढे बसवलं, आणि पुढे मी याच शाळेत शिक्षिका झाले. लहान मुलींना मीच वाजवायला शिकवू लागले. पण मोठं, अवघड असं काही माझ्या हातात नव्हतं. ते बाई वाजवायच्या, मी पानं उलटायची.

पंचेचाळीस सालच्या जूनमध्ये बाईंना पक्षाघात झाला. चार महिन्यांनी त्या उठून बसल्या, चालू लागल्या, बोलूही लागल्या. उजवा हात मात्र कायमचा गेला.

त्यानंतर कमिटीनं ठराव केला, की पुढच्या वर्षअखेरपर्यंत इथल्या कुणी विलायतेची वरची परीक्षा पास केली तर पियानो इथे राहील, नाहीतर तो मिशनच्या डोंगरावरच्या दुसऱ्या शाळेला जाईल. कमिटीला मी दोष देत नाही. वाजवणारं माणूस नसेल तर लाकडाची पेटी ठेवून करायचं काय? पण बाईंनी मला बोलावून सांगितलं, "मार्था, माझ्यामागे इथलंच कुणीतरी या बाकावर बसायला हवं. दुसरं कोण आहे?"

परीक्षेत वाजवायच्या तुकड्यात एक जागा अशी होती, की जेवढ्या वेळात डाव्या हातानं सारख्या अंतरानं तीन ठोके द्यायचे, तेवढ्याच वेळात उजव्यानं चार. पहिला ठोका दोघांचा एकत्र. मग पुढचा पहिला ठोका येईपर्यंत दोन्ही हातांची एकदाही गाठ पडत नाही. मुलींनो, मांडीवर करून बघा. आत्ता नको, घरी.

बाईंनी कागदावर बारा घरं आखून दिली. डावा पहिल्या, पाचव्या आणि नवव्या घरात. उजवा पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या. बारा अंक मोजत सावकाश वाजवलं की जमायचं. जरा वेग वाढवला की डावा हात उजव्याच्या मागे पळायचा आणि चार वाजवून मोकळा व्हायचा. मग बाई माझ्या डावीकडे बसायच्या. डावा त्यांचा, उजवा माझा. तसं वाजवलं की सुरेख जमायचं. त्यांनी हात काढून घेतला, की पुन्हा सगळं कोसळायचं.

एक वर्ष! सकाळी प्रार्थनेआधी, दुपारच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. फळ्याच्या कडेवर, जेवणाच्या ताटावर, मांडीवर. माझी आई गोजरबाई समोरच बसली आहे. ती तेव्हा मला भेटायला आली, आणि घाबरून म्हणाली, "मार्थे, तुजी बोटं का अशी उडत्यात गं? डाक्टरला दाव. आन् न्हाई जमत तर सोड की. त्या बाजावाचून कुणाचं काय अडलंय?"

"माझं अडलंय," मी म्हणाले.

"मंग रडतीस कशापायी?"

एकदा मी रागानं लाकडी पट्टी घेतली आणि डाव्या हाताच्या बोटांवर मारली. दोन दिवस बोटं सुजली. ते दोन दिवसही वाया गेले, म्हणून आणखी रडले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. रावसाहेब, थोडं थांबा. मला हे आज सांगितलंच पाहिजे.

गेल्या नोव्हेंबरात सर्व्हिस मोटारीनं मी पुण्याला गेले. परीक्षक सभ्य गृहस्थ होते. ती जागा आली आणि डावा हात पळाला. मी थांबले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पुन्हा सुरू करा. पुन्हा पळाला. तिसऱ्यांदा मी हात उचललेच नाहीत. मांडीवर ठेवून तशीच बसले.

परत आले ती थेट बाईंच्या बंगल्यावर गेले. त्या पियानोजवळ बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असणार. त्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "तुमचा उजवा हात गेला, म्हणून तुम्हाला माझा हवा होता. मी कोण? तुमचा एक हात. तोही चालला नाही."

हे वाक्य मी त्यांना म्हणाले, बंधुभगिनींनो. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांना. बाईंनी डाव्या हातानं पियानोचं झाकण लावलं आणि त्या उठून आत गेल्या.

सहा आठवडे मी त्या बंगल्याकडे फिरकले नाही. रविवारच्या उपासनेला देवळात त्यांच्या मागच्या बाकावर बसायची ती दाराजवळ बसू लागले. शेवटी मला राहवेना. मी गेले आणि पायरीवर उभी राहून म्हणाले, "बाई, माझ्या तोंडून फार वाईट गेलं."

"तू म्हणालीस ते थोडं खरं होतं," बाई म्हणाल्या. "मला घाई झाली होती. तुझी तयारी नसताना मी तुला पाठवलं. ती चूक माझी. आत ये."

"आता येऊन काय करू? मुदत तर संपली."

"मुदत कमिटीची संपली. उजवा हात तुला येतो. आता तो वाजव आणि डाव्याचं तोंडानं गा. मोजू नकोस."

माझा आवाज कसा आहे, हे गायनवर्गातल्या मुलींना माहीत आहे. तरी मी गायले. जानेवारीभर रोज गायले. बारा घरांचा कागद बाईंनी चुलीत घातला. फेब्रुवारीत एका दुपारी बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मी आत एकटीच वाजवत होते. गाणं तोंडातून कधी थांबलं ते मला कळलं नाही, पण डाव्या हातात ते चालू होतं. तीन त्याचे, चार ह्याचे, आणि कुणी कुणामागे पळत नव्हतं. शेवटपर्यंत वाजवलं आणि मी तशीच बसून राहिले. वाटलं, बाई आता आत येतील, जवळ घेतील.

बाहेरून आवाज आला, "डावा अजून दबकतोय. पुन्हा."

त्याच दिवशी संध्याकाळी कमिटीचं पत्र माझ्या हातात पडलं. सोमवारी पियानो न्यायला ट्रक येणार आहे.

अध्यक्ष महाराज, आज शनिवार आहे. बाई मंगळवारी मुंबईला बोटीवर चढतील. त्यांना मी थांबवू शकत नाही. त्यांनी जावं, बहिणीच्या घरी विसावा घ्यावा, हेच योग्य. पण जे सव्वा वर्ष येत नव्हतं, ते आता माझ्या हातांत आलं आहे. ते घेऊन मी कुठे जाऊ? फळ्याच्या कडेवर वाजवू? माझ्याकडे बारा मुली शिकतात. त्यांना सोमवारी काय सांगू? ठराव मोडा, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. निरोपाच्या सभेत असं मागणं शोभत नाही, हेही कळतं. दुसरी सभा मला मिळणार नाही, म्हणून मागते आहे. ट्रक रिकामा परत पाठवा. एक वर्ष द्या, मी पुन्हा पुण्याला जाईन.

अध्यक्षांचे, पाळकसाहेबांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बाई, तुमचे आभार मला मानता येत नाहीत. प्रयत्न केला, कागदावर लिहूनही पाहिलं.

बोलण्यात मर्यादा सुटली असेल, कुणाला लागेल असा शब्द गेला असेल, तर लहान समजून मला क्षमा करावी. आता, आजच्या सभेसाठी बंगल्यावरून आणून कोपऱ्यात ठेवलेल्या त्या पियानोवर मी तो तुकडा वाजवणार आहे. त्यात चूक झाली, तर तिला क्षमा करू नका. बाईंनी कधी केली नाही.