पेशंट कुठाय?

देवाशपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे एक वाक्य सोडून. ते शेवटी सांगतो.

आठवीतल्या आमच्या मुक्ताच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "हिचं लक्ष टिकत नाही. एडीएचडी आहे का, एकदा तपासून घ्या. विनाकारण रोज बोलणी खाते बिचारी."

मी म्हणालो, "अहो, आमच्या घराण्यात असलं काही नाही. नुसता आळस आहे."

पण बायकोपुढे घराणं टिकलं नाही. धायरीहून मुक्ताला स्कूटरवर मागे बसवलं, स्वारगेटला पेट्रोल भरलं आणि बिबवेवाडीतला दवाखाना गाठला. पंपापासून पुढे तिला एकाग्रतेवर व्याख्यान दिलं. पोरगी एकदाही उलटून बोलली नाही. म्हटलं, सुधारली.

डॉक्टरबाईंसमोर बसलो आणि सुरू झालो. "काही म्हणजे काही लक्षात राहत नाही हो हिच्या. सगळं अर्धवट सोडते."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग दाराकडे. "पेशंट कुठाय?"

पेट्रोल भरताना मागच्याने उतरून पुढे जाऊन थांबायचं असतं. मुक्ता शहाण्यासारखी उतरली होती. तिला परत बसवायचं राहिलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पंपावरच्या काकूंच्या फोनवरून मुक्ता बोलत होती. "बाबा, तपासणीला मी यायलाच हवं का, की तुमच्यावर भागेल?"

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, "तिला घेऊन या. आणि येताना दोन अपॉइंटमेंट घ्या. हे मोठ्यांतही असतं, आणि बऱ्याचदा घराण्यातूनच येतं."

आता ते खोटं वाक्य. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."