दोरीवर कोण?

मुलगी: अण्णा, चष्मा शोधायचं नाटक पुरे झालं. डोक्यावर आहे तो तुमच्या.

अण्णा: डोक्यावर आहे हे मला माहीत आहे. डोळ्यांवर आणायची घाई नाही.

मुलगी: मला आहे ना. अकराला वीज खात्यात सुनावणी आहे, आत्ता सव्वानऊ झालेत. एक सही हवी आहे फक्त. संघटनेचे संस्थापक म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे.

काका: दोन मिनिटांच्या कामाला त्याला अर्धा दिवस लागतो, हे तुला आज कळतंय का? बावीस वर्षं छतांवर काढली मी याच्याबरोबर. नट पिळायचा तर आधी नटाची घरची चौकशी करायचा हा.

मुलगी: काका, तू जागा आहेस होय? मला वाटलं झोप लागलीय.

काका: चार महिने आडवाच तर आहे. त्यात जागा कधी आणि झोपलेला कधी, हिशेब ठेवायचं सोडून दिलं मी. ते काय वाचायला लावतेस त्याला? मोठ्यानं वाच. मीही उपाध्यक्ष आहे अजून. का काढलंत मला?

मुलगी: कोण काढणार तुला.

अण्णा: छोट्या, तू पड शांत. संघटनेचं रोजचंच काहीतरी आहे.

काका: रोजचं असतं तर तू केव्हाच सही मारून चहा मागितला असतास. वाच गं.

मुलगी: निवेदन आहे, काका. एकट्या फिटरला छतावर सोलर बसवायची परवानगी मिळावी म्हणून. आत्ता कसं आहे, दर कामाला दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली दोरीवर, म्हणजे वरच्याची दोरी धरायला. शिवाय तपासनीस येऊन बघून जाणार, मगच मीटर जोडणार. तपासनीस आहेत चार. अर्ज पडलेत हजारोंनी. आपले फिटर हातावर हात ठेवून बसलेत. यंदा सदतीस जणांनी दुकानं बंद केली. तो चौकातला जाड्या, माहितीये ना? तो आता पडदे शिवतो.

काका: जाड्या? पडदे? बरं झालं. सुटली बिचारी शिडी त्याच्या वजनातून.

मुलगी: हसू नकोस रे. चार वर्षं मी या नियमामागे धावतेय. खेटे घालून चपला झिजल्या. खात्याच्या साहेबांनी सरळ सांगितलंय, तुमच्या संघटनेचा इतिहास स्वच्छ असेल तर आजच शिफारस करतो. नाहीतर विषय पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षापर्यंत आपल्यातले निम्मे राहणार नाहीत. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांकडे माणसं आहेत, वकील आहेत, त्यांना दोन माणसांचं काय पडलंय. मरतो तो आपला लहान माणूस.

अण्णा: मरतो. बरोबर शब्द काढलास.

मुलगी: अण्णा, मला शब्दात पकडू नका.

काका: मुद्द्याचं वाच ना. कुठल्या ओळीवर अडलंय घोडं?

मुलगी: ... सातव्या.

काका: मग सातवी वाच.

मुलगी: ‘गेल्या बारा वर्षांत संघटनेच्या सभासदांकडून बसवणीच्या कामात झालेले अपघात: शून्य.’

काका: हं.

मुलगी: काका, हे संघटनेच्या नोंदवहीनुसार आहे. मी मनानं एक अक्षर घातलेलं नाही. नियम तिसरा, ‘अपघात म्हणजे सोलरच्या प्लेटा बसवताना झालेला अपघात.’ आणि तू त्या दिवशी शाळेच्या छतावर प्लेटा...

काका: धूत होतो. बरोबर आहे तुझं. धूळ केवढी साचली होती. शाळेतले पंखेसुद्धा फिरत नव्हते धड. बसवणी नाही, धुलाई. खरं लिहिलंयस तू.

अण्णा: खरं म्हणतोस याला?

काका: खोटं काय आहे त्यात? एकही शब्द दाखव.

अण्णा: तू कमरेखाली हलू शकत नाहीस आणि कागदावर शून्य. माझा हात नाही वळत त्याच्यावर सही करायला.

काका: हात वळत नाही? नियम तिसरा लिहिताना छान वळला होता. तुझंच अक्षर आहे नोंदवहीत. शाईसुद्धा आठवते मला, हिरवी.

मुलगी: अण्णांनी लिहिला होता नियम?

अण्णा: जुनी गोष्ट आहे.

काका: तिला सांग की. सचिव आहे ती, तिला कळायला हवं. नाही सांगत? मग मी सांगतो. लंबू म्हणून एक जण होता आपल्यात. तू कॉलेजात होतीस तेव्हा. उंच, काटक, नाकातून गाणी म्हणायचा. एका दवाखान्याच्या छतावर प्लेटा धुताना घसरला. तिसऱ्या मजल्यावरून खाली. जागच्या जागी गेला.

मुलगी: हे कुठेच नाही. मी सगळ्या वह्या वाचल्यात.

काका: असेल कसं? त्या वेळी लोक सोलरला आधीच बिचकायचे. छतावर वीज आणता, घर पेटेल, माणूस चिकटेल, काय काय बोलायचे. त्यात माणूस मेल्याची बातमी वार्षिक अहवालात आली असती तर संघटना बसलीच असती. मग सभा घेतली. कुणीतरी म्हणालं, धुणं म्हणजे काय बसवणं नव्हे. सगळ्यांना पटलं. पटायलाच हवं होतं. दादानं लिहून काढलं. मतदान झालं तेव्हा पहिला हात कुणाचा वर गेला, सांग दादा.

अण्णा: पुरे, छोट्या.

काका: माझा. हा उजवा. हा अजून चालतो.

मुलगी: आणि त्याच्या घरचे?

काका: बायको आली होती त्याची ऑफिसात. काही मागितलं नाही तिनं. म्हणाली, वार्षिक सभेत त्याचं नाव घ्या. बाकीच्यांना कळू दे की तो कामावर गेला. एवढंच. कार्यकारिणीनं ठरवलं, नाव घेतलं की नोंद आली, नोंद आली की आकडा आला. तिला तसं सांगायला मला पाठवलं. माझी जीभ गोड म्हणून. मी गेलो. दारातच सांगितलं, वहिनी, आमच्या नियमात बसत नाही. तिनं पाणी विचारलं मला. मी प्यायलोसुद्धा.

अण्णा: मीच जायला हवं होतं.

काका: जायला हवं होतं खरं. पण नाही गेलास. आता सही कर आणि पोरीला मोकळं कर.

अण्णा: असं कसं म्हणतोस तू? तुझ्यावर आलंय हे, आणि तूच म्हणतोस सही कर?

काका: मग काय म्हणू? लंबूला जे माप लावलं तेच मला. मी पडलो म्हणून नियम वाकवायचा? मी कोण मोठा लागून गेलोय? संस्थापकाचा भाऊ?

मुलगी: काका, मला तुझं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. सायकल तूच शिकवलीस मला. रोज रात्री अंथरुणावर पडले की हेच डोक्यात येतं. पण मी एकट्या तुझा विचार करू शकत नाही ना. तीनशे घरं आहेत माझ्यामागे.

काका: समजतं गं. म्हणून तर म्हणतोय.

अण्णा: थांबा जरा. साडेनऊ झाले. याची कूस बदलायची वेळ झाली. ये इकडे, खांद्याखाली हात घाल. मी कंबर धरतो. एक, दोन...

(दोघं मिळून काकांना भिंतीकडून दाराकडे कुशीवर वळवतात. उशी पाठीमागे सरकवतात.)

काका: आता दोघांची तोंडं दिसतात एकदम. तिकडे भिंतच बरी होती.

अण्णा: एका माणसाला हे जमत नाही. बघितलंस? दोन लागतात.

मुलगी: टोमणा कळला, अण्णा. पण पट्टा आहे, हूक आहे, आता नवीन पद्धतीच्या दोऱ्या आल्यात. माणूस एकटा असला तरी सुरक्षित असतो. आम्ही प्रशिक्षण देणार आहोत.

काका: पट्टा माझ्याही कमरेला होता. दोरी पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधली होती मी. प्लास्टिकचा पाइप, उन्हानं वाळलेला. दोरीवर माणूस असता तर म्हणाला असता, काय करतोस गाढवा, तिथे नको बांधूस. दोरीवाल्याचं काम दोरी धरायचं कमी आणि बोलायचं जास्त असतं.

मुलगी: पण तू एकटा गेलासच का? तुम्ही दोघं कधी एकटे जात नव्हता. आई म्हणायची, ही जोडी वेगळी केली तर दोघंही चालायचं विसरतील.

काका: तुझ्या बापाला कामं होती त्या दिवशी.

मुलगी: कोणती? त्या दिवशी तर... त्या दिवशी खात्यात होते अण्णा. आपल्या एक लाख छतांच्या योजनेचा फोटो काढायचा होता, साहेबांबरोबर.

अण्णा: हो.

मुलगी: मी तीन फोन केले होते तुम्हाला. संस्थापक हवेतच म्हणून.

अण्णा: तुझा दोष नाही त्यात. मला यायचंच होतं. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. याचा फोन आला, शाळेचं धुवायचं राहिलंय, येतोस का. मी काय म्हणालो ते सांग तिला, छोट्या.

काका: जाऊ दे ना आता.

अण्णा: मघाशी माझ्या हिरव्या शाईपर्यंत गेलास. हेही सांग.

काका: म्हणालास, धुवायचंच तर आहे. बसवायचं थोडंच आहे. एकटा जाऊन ये.

अण्णा: अकरा वर्षांपूर्वी लोकांना दाखवायला लिहिलं होतं मी ते. धुण्यात अपघात होत नाही. कधी माझंच मला खरं वाटायला लागलं, कळलंच नाही. दे तो कागद. पेन दे.

मुलगी: सही करताय?

अण्णा: करतोय.

मुलगी: अण्णा, तिथे नाही, सही खाली आहे. हे काय करताय? काय खोडलंत?

अण्णा: शून्य खोडलं. दोन लिहिलं. पुढे नावंही, लंबू आणि छोट्या. आता खाली सही. घे.

काका: दादा, काय केलंस हे? तिच्या चार वर्षांवर पाणी ओतलंस.

अण्णा: नाव तरी लागलं दोघांचं.

मुलगी: अण्णा, हा कागद मी तिथे देऊ शकत नाही. दिला तर शिफारस गेली. मी तुम्हाला फसवणार नाही, तोंडावर सांगते. ऑफिसात जाईन, दुसरी प्रत काढीन. सचिव म्हणून माझ्या सहीनं देईन. तेही चालतं. तुमची असती तर वजन पडलं असतं, एवढंच.

अण्णा: म्हणजे शून्यच जाणार.

मुलगी: शून्यच जाणार.

अण्णा: आणि उद्या कुणी एकटा चढला आणि...

मुलगी: चढतायतच, अण्णा. आजही चढतायत. दुसऱ्या माणसाची नुसती सही घेतात कागदावर. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मी फक्त जे चाललंय ते कायद्यात बसवतेय. असं मी स्वतःला सांगते रोज. आज जरा जास्त वेळ सांगावं लागेल.

काका: जा तू. उशीर होईल. माझ्यावरून अपराधी वाटून घेऊ नकोस.

मुलगी: तू मनापासून बोलतोयस की नुसतं मला बरं वाटावं म्हणून?

काका: निम्मं निम्मं. आणि हे बघ, एक कर. त्या वहिनींचा पत्ता जुन्या वहीत असेल. कधी त्या बाजूला गेलीस तर नुसती बघून ये. राहतात का अजून तिथे.

मुलगी: काय सांगू त्यांना?

काका: काही नको. पाणी दिलं तर पी.

मुलगी: येते मी. अण्णा, तुम्ही खोडलेला कागद इथेच ठेवते. टेबलावर. ... येते.

अण्णा: दार ओढून घे.

काका: चिडलास माझ्यावर?

अण्णा: नाही.

काका: ती वाईट नाही, दादा. आपण तिच्या वयात हेच केलं.

अण्णा: तेच तर खातंय मला.

काका: उठव जरा. पाठीला रग लागली. पलंगाच्या पायाला बांधलीय ती दोरी दे माझ्या हातात, आणि मागून आधार धर. हां. थांब, ओढायच्या आधी विचारू दे. इतकी वर्षं विचारल्याशिवाय दोरीला हात लावला नाही मी.

अण्णा: विचार.

काका: दोरीवर कोण?

अण्णा: मी आहे.

काका: त्या दिवशीही विचारलं होतं मी. वर गेल्यावर, सवयीनं. शाळा सुटली होती, खाली कुत्रंसुद्धा नव्हतं.

अण्णा: मग?

काका: मग काही नाही. उत्तर येईल म्हणून जरा वेळ थांबलो, आणि धुवायला घेतलं.