आल्याच्या पाकाची बाटली

दातांच्या डॉक्टरकडे सुजलेला गाल धरून एक शिक्षिका बसली होती. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या, आणि शिक्षिकेला कान तर बंद करता येत नव्हते.

"धाकट्या जावेनं आलं-लिंबाचा पाक काय केला, घर डोक्यावर घेतलंय! येईल त्याला तिचंच सरबत."

"पण ताई, छान लागतं गं."

"झालं, तूही तिच्याच बाजूची! माझ्या हातचं इतकी वर्षं प्यायलात, कुणाच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द नाही निघाला."

"मग?"

"मग काय! दुपारी घरात कुणी नसलं की थोडा थोडा मोरीत ओतायचे. म्हटलं, पाक संपला की कौतुकही संपेल."

"संपलं?"

"कसलं! रिकामी बाटली बघून ही हरखलीच. 'जाऊबाई, तुम्हाला इतका आवडतो?' आता माझ्याच मोठ्या पातेल्यात करते, नि माझ्यासाठी वेगळी बाटली भरून ठेवते."

"तीही ओतलीस?"

शिक्षिकेनं गालावरचा हात काढला.

"ती... प्यायले."

"कशी लागली?"

"तिला सांगशील तर याद राख."