पोस्टरवरचे पांढरे केस

फोटोच्या दुकानात रांगेत दुसऱ्या उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंना पुढच्या मावशींचं आणि फोटोवाल्या पोराचं सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“अरे मेल्या, माझे केस कुठं गेले?”

“मावशी, तुम्हीच म्हणालात ना, मागचं पांढरं काढ म्हणून? एक क्लिक मारलं, पांढरं तेवढं उडालं. भिंतही पांढरी, केसही पांढरे. कॉम्प्युटरला काय कळतंय?”

“त्याला नसेल कळत. तुला कळतं ना?”

“काळे केस लावून देतो. वीस वर्षांनी लहान दिसाल. मतंही वाढतील.”

“मत देणाऱ्या बाया रोज माझ्यासोबत सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातली फरशी पुसतात. त्यांच्यापुढे कुठल्या तोंडानं जाऊ? त्या दवाखान्यात केस पिकले माझे, तरी आम्ही अजून रोजंदारीवर. म्हणून तर युनियनच्या निवडणुकीला उभी राहिलेय.”

“मग हातानं कापावं लागेल, एकेक केस सोडवत. तासभर मोडेल.”

“पोस्टर पाचला छापायला जायचंय. आत्ता तीन वाजलेत. लाग कामाला.”

“मागे रांग आहे, मावशी.”

“रांगेला मी विचारते. काय हो बाई, घाई आहे का तुम्हाला?”

“आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. “पण त्याला नीट कापू द्या.”

बराच वेळ नुसता माऊस वाजत राहिला.

“मावशी, ही एक बट कपाळावर आलीय. बरी नाही दिसत. उडवू?”

“हात तर लावून बघ!”