घ्या ना, तुमचंच आहे

नाही ना पटत? ठाऊकच होतं मला — आजवर कुणाला पटलंय ते तुला पटेल, पोरी! रेडिओवाली आहेस, आपल्याच तेहरानची आहेस, म्हणून वाटलं निदान तू तरी... जाऊ दे. चहा घे, खडीसाखर दातात धर आणि ऐक. ज्या कादंबरीचा पॅरिसभर उदोउदो चाललाय ना, ती त्या सोरूशनं लिहिलेली नाही. माझ्या नवऱ्यानं लिहिलीय. याच टेबलावर, मी पलीकडे पालक चिरत असताना — वर्षानुवर्षं.

चोरली? छे, चोरली असती तर पोलिसात तरी गेले असते. यांनी दिली! कशी म्हणजे? तो पोरगा आला — इथंच जन्मलेला, आपली भाषा उसनी आणल्यासारखी बोलतो — पानं चाळली आणि म्हणाला, 'उस्ताद, काय सुंदर!' झालं. आपल्याकडे कुणी गालिच्याला सुंदर म्हटलं तर आपण काय म्हणतो? घ्या ना, तुमचंच आहे. आणि समोरचा? नको नको, तुमच्याच घरी शोभतं. तीनदा आग्रह, तीनदा नकार, दोघं मोकळे. माझी आई अंगावरची शाल दर शेजारणीला देऊन टाकायची, आणि मेली ती तीच शाल पांघरून! पण या कार्ट्याला हे शिकवलंय कुणी? यांनी म्हटलं घ्या, त्यानं घेतलं — पहिल्याच खेपेला! हातानं लिहिलेली एकुलती एक प्रत पिशवीत, वर यांच्या गालाचे मुके. मी म्हटलं, धावा, जिन्यात गाठा त्याला. तर हे म्हणतात, 'दिलेलं परत मागायचं? लोक काय म्हणतील?' लोक! या इमारतीत आपल्याला ओळखतं कोण?

मग फ्रेंचमध्ये आली, त्याच्या नावानं. मी आपल्या मंडळींच्या दारोदार फिरले. सगळ्यांचं एकच — 'खानम, आम्ही विचारलं त्यांना. ते म्हणतात, मी कोण, लेखणी त्या मुलाचीच.' वर कौतुक, काय मोठं मन! आणि मी कजाग, चार यत्ता शिकलेली, मला काय कळतंय पुस्तकातलं.

भित्रे? खबरदार! तेहरानात कोठडीत बसवून विचारलं होतं यांना — हे तू लिहिलंस? मी बाहेरून निरोप धाडला, नाही म्हणा, सही करा, घरी या. तर हे ताठ मानेनं म्हणाले, मीच लिहिलं, शब्द न् शब्द. त्या एका 'हो'पायी देश सुटला, आईच्या मातीला जाता आलं नाही मला. तिथं नाही म्हणायचं तर हो, इथं हो म्हणायचं तर नाही! आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही कधी — म्हणजे, रोज थोडं बोलले असेन. जेवताना. 'पुन्हा जिभेवर मी-लिहिलं आणाल तर मला मेलेली बघाल' — असं काहीबाही. बायका बोलतातच की.

अशी का बघतेस?

अहो, जरा बाहेर या! ही रेडिओवाली विचारतेय, कादंबरी कुणाची? तोंड उघडा एकदा, माझी शपथ आहे... ऐकलंस? 'मी कोण, खानम, चहा घेतलात का?'

कुणी शिकवलं त्यांना गप्प राहायला? मी? ऊठ. यंत्र आवर, दार तिकडे आहे. आणि घर कुणी बुडवलं ते सांगायचंच असेल जगाला, तर माझं नाव घेऊ नकोस, त्या पोराचंही नको. एकच नाव सांग, माझ्या नवऱ्याचं — फरामर्ज.